‘मला नक्की कुठे लागलंय?’ : एका फायटिंग गेमच्या आवाजांचा माझा अनुभव

फायटिंग गेममध्ये पात्रं बोलतात कमी. ओरडतात, कण्हतात, दम टाकतात जास्त. ठोसा मारतानाचा हुंकार, पोटात लाथ बसल्यावर सुटणारा श्वास, उंचावरून पडतानाची किंकाळी, या सगळ्यांना आमच्या कामात ‘एफर्ट्स’ म्हणतात. २०२१ च्या शेवटी पुण्यातल्या आमच्या स्टुडिओकडे एका क्रॉसओव्हर फायटिंग गेमचं को-डेव्हलपमेंटचं काम आलं. त्यातला ऑडिओ ज्या तिघांनी सांभाळला, त्यातली मी एक. मुख्य स्टुडिओ अमेरिकेत, प्रकाशक तिसराच आणि पात्रांचे मालक आणखी निराळे. करारामुळे गेमचं किंवा पात्रांचं नाव मला आजही लिहिता येत नाही. पण काम कसं पार पडलं ते सांगता येतं, आणि ते सांगावं असं खूप दिवस मनात होतं.

क्रॉसओव्हर म्हणजे वेगवेगळ्या घरची पात्रं एकाच आखाड्यात. एसएनके या जपानी गेम कंपनीनं १९९४ मध्ये ‘द किंग ऑफ फायटर्स ९४’ साठी स्वतःच्याच मालिकांमधले लढवय्ये एकत्र आणले. कॅपकॉमनं १९९६ च्या ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ मध्ये दुसऱ्याच्या घरची पात्रं आपल्या पात्रांसमोर उभी केली. निन्टेंडोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ १९९९ मध्ये आला. त्याचा पहिला नमुना मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता यांनी बिनओळखीच्या साध्या आकृत्या घेऊन बनवला होता. मारिओ, पिकाचू ही मंडळी नंतर आली. आधी मारामारी जमली, मग पात्रं. आमच्याकडे गाडी उलट्या दिशेनं निघाली होती. पात्रं ठरलेली होती आणि प्रत्येकाच्या मालकाची मंजुरी हाच पहिला उंबरठा होता.

ही मंजुरी नुसत्या चित्राला नसते. एका मालकानं कळवलं, आमच्या नायकाच्या तोंडी ‘मारून टाकीन’ हे शब्द येणार नाहीत. दुसऱ्यानं सांगितलं, आमचं पात्र वेदनेनं रडणार नाही, फार तर चिडेल. मग रडणं आणि चिडणं यांच्या मधला आवाज कसा असतो, यावर आमचे ईमेल तीन आठवडे चालले. सुरुवातीला लेखकांना प्रत्येक पात्राचा प्रत्येकाशी वेगळा संवाद हवा होता. वीस पात्रं धरली तर अ नं ब ला आणि ब नं अ ला बोलायचं, म्हणजे ३८० जोड्या. प्रत्येक ओळ दोन मालकांकडून मंजूर करून घ्यायची. शेवटी ज्यांचं खरंच काही वैर किंवा नातं जमतं अशा साठेक जोड्या ठेवल्या. माझ्या मते त्यानं गेमचं भलंच झालं.

कलाकार ठरेपर्यंत गेम मुका ठेवता येत नाही. म्हणून स्क्रॅच, म्हणजे कच्चे आवाज आम्हीच भरले. मीटिंग रूमच्या भिंतींना घरच्या गोधड्या लावल्या आणि पाच-सहा जणांनी आळीपाळीनं माइकसमोर उभं राहून ठोसे मारले. पहिल्या दिवशीच एक गोष्ट लक्षात आली. सगळे जण सिनेमातल्यासारखे ‘हा! हू!’ करत होते आणि स्क्रीनवरच्या माराशी त्याचा काही मेळच बसत नव्हता.

मी कोल्हापूरची. लहानपणी बाबांबरोबर खासबाग मैदानात कुस्त्या बघायला जायचे. हलगी थांबली की हौद्याजवळ बसलेल्यांना पैलवानांचा श्वास ऐकू येतो. डाव टाकताना पैलवान ओरडत नाही. तो श्वास धरतो आणि समोरच्याला उचलताना एकदम सोडतो. जोर जितका मोठा, तितका आधीचा थांबा लांब. शड्डू ठोकताना आवाज, डाव टाकताना श्वास. मी सगळ्यांना तेवढंच सांगितलं, आधी श्वास धरा. दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग बसलं. पुढे अमेरिकेतल्या बरबँकच्या व्हॉइस डायरेक्टरला पाठवलेल्या टिपणात पहिली ओळ मी हीच लिहिली.

आता कास्टिंग. बाहेरून वाटतं की नावाजलेला कलाकार घेतला की काम झालं. प्रत्यक्षात आधी मालक त्यांच्याकडच्या मान्य आवाजांची यादी देतात. एकाच पात्राचे तीन दशकांत तीन आवाज झालेले असतात आणि आजचा अधिकृत आवाज कुठला, हे मालकच ठरवतात. जिथे मूळ कलाकार नाही तिथे एजंटांमार्फत ऑडिशन मागवायच्या. चार-पाच ओळींचा उतारा, दोन हलके फटके, एक जोराचा. एका पात्रासाठी माझ्याकडे ८६ फाइल आल्या. त्या दोन दिवसांत ऐकायच्या, दहा निवडायच्या, आमच्या ऑडिओ लीडनं, म्हणजे टीमच्या प्रमुखानं, त्यातल्या चार अमेरिकेला पाठवायच्या, तिथून दोन मालकाकडे. पटकन संपवायचं तर ओळींवरून निवड करण्याचा मोह होतो. मी आधी जोराचा फटका ऐकायचे. पुष्कळ जण गोड बोलतात आणि फटका बसला की भलतेच कोणीतरी होतात.

नेमका हाच प्रश्न आमच्या सगळ्यात जुन्या पात्राबाबत उभा राहिला. एका जुन्या कार्टून मालिकेतली खोडकर पोर. तिला पहिल्यापासून एकाच बाईंनी आवाज दिलेला. त्या आता सत्तरी ओलांडलेल्या. प्रकाशकाच्या निर्मात्यानं तोडगा काढला, ओळी बाईंकडून घ्या आणि एफर्ट्स एखाद्या तरुण कलाकाराकडून. त्याची काळजी खोटी नव्हती. ओरडण्यानं घसा जातो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या कलाकारांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेनं २०१६-१७ मध्ये गेम कंपन्यांविरुद्ध जो लांबलचक संप केला, त्यात घशावर ताण देणारं सेशन चार तासांऐवजी दोन तासांचं करा, ही एक मागणी होती. पण त्याच बैठकीत आणखी एक विचार पुढे आला, की आवाज सध्या नकोतच, गेम आधी बाजारात आणू, नंतर बघू.

मी बोलले. मला तिथे बोलण्याचा फारसा अधिकार नव्हता, तरी बोलले. ‘निकलोडियन ऑल-स्टार ब्रॉल’ हा असाच क्रॉसओव्हर गेम ऑक्टोबर २०२१ मध्ये पात्रांच्या आवाजांशिवाय आला होता. लोकांची पहिली तक्रार तीच होती आणि आवाज जून २०२२ मध्ये, आठ महिन्यांनी भरावे लागले. लहानपणापासून कानात बसलेलं पात्र समोर नाचतं आणि तोंडातून शब्द नाही, हे खेळणाऱ्याला घरचं माणूस रुसून बसल्यासारखं वाटतं. त्याच वर्षी जुलैत ‘मल्टिव्हर्सस’ खुला झाला. त्यात बॅटमॅनला केव्हिन कॉनरॉय यांचा आवाज होता, १९९२ च्या कार्टून मालिकेपासूनचा. तिथे लोक काय म्हणत होते, ते मी बैठकीत वाचून दाखवलं.

दोन आवाजांच्या तोडग्यावर मात्र मी काही बोलले नाही, नमुनाच केला. मालकांनी संदर्भासाठी दिलेल्या जुन्या रेकॉर्डिंगमधल्या बाईंच्या ओळी आणि ऑडिशनमधल्या एका चांगल्या कलाकाराचे फटके एकाच पात्रावर चढवले. ऑफिसातल्या पाच जणांना काहीही न सांगता खेळायला दिला. पाचही जणांनी पहिल्या मिनिटातच मान वर केली. आमचा टेस्टर म्हणाला, “अगं, बोलताना ही आणि मार खाताना कोणी दुसरीच.” तो व्हिडिओ अमेरिकेला गेला. सोबत मी एफर्ट्सची यादी ६४ वरून ३८ वर आणून पाठवली आणि दोन-दोन तासांची दोन सेशन सुचवली. पहिल्यात फक्त ओळी, दुसऱ्यात हलक्यापासून जोराकडे आणि किंकाळी अगदी शेवटी. नऊ दिवसांनी होकार आला. त्या दिवशी मी बाबांना फोन करून सांगितलं.

पहिलं सेशन ऑक्टोबरच्या शेवटी झालं. बरबँकमध्ये सकाळचे दहा, म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली आणि दुसरं सेशन साडेअकराला लागलं. त्याच्या काही दिवस आधी कॉनरॉय १० नोव्हेंबरला गेल्याची बातमी आली होती. त्या रात्री लाइन जोडली गेल्यावर सुरुवातीची दोन-तीन मिनिटं कोणीच कामाचं बोललं नाही.

मग हलके फटके झाले. मधल्या फटक्यांपाशी बाई थांबल्या. त्यांनी विचारलं, “मला नक्की कुठे लागलंय?”

डायरेक्टरकडे फक्त यादी होती, त्यात लिहिलं होतं ‘हिट, मीडियम, ३’. अ‍ॅनिमेशनचा व्हिडिओ माझ्यासमोर होता. लीडनं मला खूण केली. मी माइक चालू करून म्हटलं, “डाव्या बरगडीवर. पाय जमिनीवरच आहेत.”

“म्हणजे मी पडत नाहीये.”

“नाही, सावरताय.”

हेडफोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या उठून उभ्या राहिल्या असाव्यात. मग श्वास धरल्याची ती बारीकशी शांतता, आणि एक आवाज आला. त्यात वेदना होती, पण त्याहून जास्त राग होता, आणि तो त्या पोरीचाच होता, मी आठ वर्षांची असताना टीव्हीवर ऐकलेला. नंतर प्रत्येक फटक्याला त्या म्हणायच्या, पुण्याच्या मुलीला विचारा. जबड्यावर, पाठीवर, गुडघ्यात, पाण्यात पडताना, भिंतीवर आपटताना. प्रत्येक आवाज वेगळा. मधे दोनदा कोमट पाण्यासाठी थांबलो. सर्वांत जोराच्या फटक्याचे तीनच टेक घेतले आणि किंकाळीचा एक. डायरेक्टरनं दुसरा मागितलाच नाही. उरलेली विविधता आम्ही वाइज या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये स्वराची उंची किंचित वर-खाली करून आणि फाइल उलटसुलट क्रमानं वाजवून काढली.

इथे सगळं सुरळीत झालं असतं, पण फाइल गेममध्ये बसवल्यावर सगळी पात्रं सुस्त वाटायला लागली. टेस्टरनी लॅगचे बग टाकले, प्रोग्रॅमर चार दिवस कोड तपासत बसले. कारण सापडलं ते फाइलींमध्ये. ज्या बाहेरच्या कंपनीनं एडिटिंग केलं, तिनं प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ८० मिलिसेकंदांची शांतता ठेवली होती. ऐकताना कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण हा गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज जवळजवळ पाच फ्रेम उशिरा. सगळ्यात जलद ठोसा चौथ्या फ्रेमला बसतो. ठोसा बसून जायचा आणि मग हुंकार यायचा.

स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लावून सगळ्या फाइलींची शांतता कापणं सोपं होतं. पण त्या स्क्रिप्टनं बाईंच्या जोराच्या फटक्यांआधीचा धरलेला श्वासही शांतता समजून कापला. जोराचा फटका निघायला वीसेक फ्रेम लागतात, त्यात तो श्वास आरामात बसतो. शिवाय समोरच्या खेळाडूला तोच इशारा असतो की आता मोठा वार येतोय. त्यांच्या ३८ एफर्ट्सचे सगळे टेक मी हातानं कापले. दोन रात्री गेल्या, आणि मला त्या दोन रात्रींचं समाधान अजून आहे.

ऑनलाइन खेळात आणखी एक गंमत निघाली. रोलबॅक नेटकोड, जो टोनी कॅनन यांच्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरमुळे सगळीकडे पसरला, तो समोरचा खेळाडू काय करेल याचा अंदाज बांधून गेम पुढे नेतो आणि अंदाज चुकला की मागे जाऊन पुन्हा खेळतो. चित्र मागे नेता येतं, कानात गेलेला आवाज परत घेता येत नाही. न बसलेल्या लाथेची किंकाळी ऐकू यायची, कधी एकच किंकाळी दोनदा. शेवटी नियम केला, तोच आवाज आधीच चालू असेल तर पुन्हा सुरू करायचा नाही, आणि फटका रद्द झाला तर आवाज तोडायचा नाही, हळूच विरवायचा.

२०२४ च्या जुलैत सॅग-आफ्ट्रा संघटनेनं गेमच्या कामावर पुन्हा संप पुकारला, मुख्य मुद्दा एआयनं कलाकारांचे आवाज बनवण्याचा. तो जवळजवळ वर्षभर चालला. बातम्या वाचताना मला सारखी ती सरकलेली खुर्ची ऐकू यायची. एकदा विचारायला लागल्यावर, कुठे लागलंय हे कळल्याशिवाय बाईंनी फटक्याचा एकही आवाज काढला नव्हता.

दुसऱ्या सेशनची एक फाइल यादीत नव्हती. किंकाळी झाली, डायरेक्टरनं आभार मानले, सगळे निरोप घेत होते आणि इंजिनिअरनं रेकॉर्डिंग अजून बंद केलं नव्हतं. बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि कोणी न सांगता त्या पोरीचं हसू हसून दाखवलं, मालिकेच्या शेवटी यायचं तेच. मालकांनी ते एका दिवसात मंजूर केलं. आता खेळणारा पात्र निवडताना तिच्यावर थांबला की ते वाजतं. फाइलींना नावं देण्याचे आमचे नियम कडक आहेत, पण या फाइलचं नाव मी बदललं नाही. इंजिनिअरनं दिलेलंच आहे, ‘एक्स्ट्रा ०१’.