रॅमशॅकल्ड

रविवार, रात्री साडेअकरा

ढोलपथकाच्या सरावाहून आलो तेव्हा चिंब भिजलो होतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांना नदी लागलीये. जेवण उरकलं, हेडफोन लावला आणि कित्येक दिवस राखून ठेवलेला अल्बम आज ऐकला. ‘येस’ या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर अ‍ॅलन व्हाइट, त्याचा ‘रॅमशॅकल्ड’, १९७६ चा. लगेच दुसऱ्यांदाही ऐकला, पण मन खट्टू झालं ते झालंच.

हा माणूस मला जवळचा का, ते लिहून ठेवतो. आजोबांचं भांडी बाजारात छोटं दुकान होतं. मागच्या खोलीत ते हंडे मठारत बसायचे. हंडा डाव्या हातानं तसूतसूनं फिरवायचा आणि उजव्या हाताची हातोडी त्याच लयीत पडायची. ठोका जरा सरकला की आवाज बदलायचा, आणि आजोबा न बघता हंडा परत मागे घ्यायचे. पुढे कॉलेजात असताना ‘येस’चा १९७४ चा ‘रिलेयर’ ऐकला. त्यातल्या सुमारे २२ मिनिटांच्या पहिल्या रचनेत लढाईचा भाग येतो. त्यासाठी व्हाइट आणि बँडचा गायक जॉन अँडरसन यांनी भंगारातून मोटारींचे सुटे भाग आणून ते बडवले होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तो खणखणाट कानात शिरला आणि मी थेट आजोबांच्या मागच्या खोलीत जाऊन पोचलो.

शिवाय १९७२ ची ती गोष्ट. ‘येस’चा आधीचा ड्रमर बिल ब्रुफर्ड बँड सोडून किंग क्रिम्सन या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि दौरा तोंडावर आलेला. व्हाइटनं ती अवघड, वेड्यावाकड्या मात्रांची गाणी तीन दिवसांत बसवली आणि डॅलसला मंचावर जाऊन वाजवली. आम्हाला पथकात एक नवा हात बसवायला पंधरा दिवस लागतात!

त्यामुळे त्याच्या स्वतःच्या अल्बममध्ये तो मोकळा सुटेल, असं मी धरून चाललो होतो. १९७५-७६ च्या सुमारास ‘येस’मधल्या पाचही जणांनी आपापले अल्बम काढले. ख्रिस स्क्वायरच्या अल्बममध्ये त्याचा बास कसा छाती काढून पुढे येतो. अँडरसननं तर सगळी वाद्यं स्वतःच वाजवली. व्हाइटनं मात्र जुन्या बँडच्या मित्रांना बोलावलं. गाणी बहुतेक त्यांची, गळेही दुसऱ्यांचे. थोडं सोल, थोडं फंक, मध्येच रेगे. मंडळी तयारीची आहेत, एकही गाणं बेसूर नाही. पण व्हाइट मागे बसून ठेका धरतो, नेटका, स्वच्छ, आणि तिथेच थांबतो. इंग्रज कवी ब्लेकच्या कवितेवरचं एक गाणं सुरू झालं तसा मी सावरून बसलो. ते गातोय अँडरसन, गिटारवर ‘येस’चाच स्टीव्ह हाउ. म्हणजे त्यातही कान गेला तो पाहुण्यांकडेच.

आमच्या पथकात एक दादा आहेत, ताशा वाजवतात. त्यांना एकदा म्हटलं होतं, “दादा, कधी एकट्यानं वाजवा ना.” ते म्हणाले, “समोर ढोल नसला तर मी ताशा कुणाला ऐकवू?” आज ते वाक्य आठवलं आणि व्हाइटचीही बाजू घ्यावीशी वाटली. दुसऱ्याला उचलून धरण्यातच ज्याचा हात रमतो, तो आपल्या घरीसुद्धा पाहुण्यांनाच पाटावर बसवणार.

पण नाही, तरी पटत नाही. त्याच दादांनी गेल्या वर्षी गोदाघाटावर पाऊस आला म्हणून ढोल झाकून ठेवलेले असताना पायऱ्यांवर बसून पाचेक मिनिटं एकट्यानं ताशा वाजवला. सगळे भिजत उभे राहिले. कुणी हलेना. व्हाइटकडे तर अख्खा अल्बम होता, दोन्ही बाजू त्याच्या. त्यात एक तरी जागा त्यानं स्वतःसाठी घ्यायला हवी होती.

२६ मे २०२२ ला तो गेला, तेव्हा ‘येस’मध्ये त्याला पन्नास वर्षं पुरी होत आली होती. आता विचारायचं तरी कुणाला.

झोपण्यापूर्वी ‘रिलेयर’मधला तो लढाईचा भाग पुन्हा लावला. बाहेर पाऊस चालूच आहे. ढोलाचं पान उतरलंय, उद्या सहाच्या आत जाऊन दोऱ्या ओढायला हव्यात.