पहिला इसीजी नॉर्मल आला, तरीही

काल या वेळेला मी कॅज्युअल्टीत होते. आज वॉर्डात आहे. उजव्या मनगटावर घट्ट पट्टा आहे आणि तो हात वाकवायचा नाही असं बजावलंय, म्हणून डाव्या हाताने फोनवर टाइप करतेय. सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवायचंय.

कळ म्हणावी अशी कळ आलीच नाही. छातीच्या मधोमध वरवंटा ठेवल्यासारखा दाब होता. मग खालचा जबडा ठणकायला लागला, मळमळलं आणि कपाळावर गार घाम फुटला. ह्यांनी तो घाम पाहिला आणि काही न विचारता ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दारात उभी असूनही तिची किल्ली त्यांनी घेतली नाही. वाटेत हृदयाचा ठोका बिघडला तर ॲम्ब्युलन्समध्ये शॉक द्यायचं यंत्र असतं, आपल्या गाडीत काहीच नसतं. तेवढ्या घाईतही त्यांना हे सुचलं, याचं मला राहून राहून कौतुक वाटतंय.

नाव-पत्ता लिहून घेण्याआधी इसीजी झाला. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा इसीजी 10 मिनिटांच्या आत काढून डॉक्टरांनी तो बघायचा, असा नियमच असतो म्हणे. छातीवर 6 आणि हातापायांना 4 असे इलेक्ट्रोड लावले. सिस्टर प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या. ‘आता गार लागेल हं काकू.’ ‘आता हलू नका, बोलू नका.’ ‘सुई टोचतेय, रक्त घेणार आणि सुई तशीच ठेवणार.’ अंगावरचे कपडे बाजूला केलेले, भोवती अनोळखी माणसं, आणि अशा वेळी पुढे काय होणार ते आधी कळणं याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही. त्यांनी पडदा ओढला, खांद्यावर चादर घातली आणि मगच रक्त घेतलं.

ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली. चावली की लवकर रक्तात उतरते. बीपी दोन्ही हातांचं घेतलं. मुख्य धमनी आतून फाटली असेल तर दोन हातांच्या आकड्यांत फरक पडू शकतो, हे मला नंतर कळलं. ऑक्सिजन का लावत नाही म्हणून हे कासावीस झाले होते. रक्तातलं प्रमाण चांगलं असेल तर वरून दिलेल्या ऑक्सिजनचा फायदा नसतो, हे सिस्टरनी त्यांना मॉनिटरवरचा आकडा दाखवून समजावलं.

इसीजी नॉर्मल आला. ह्यांनी मोठा श्वास सोडला. दाबही ओसरला होता आणि मला घरी जावंसं वाटत होतं. ड्यूटीवरची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची असेल. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हणाली, “काकू, ह्या कागदावर जेमतेम दहा सेकंदांचं हृदय आहे. त्या दहा सेकंदांत काही दिसलं नाही, एवढंच मी सांगू शकते.” मग तिने ट्रोपोनिन समजावलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण ते वाढायला वेळ लागतो. दुखायला लागल्यावर लगेच रक्त घेतलं तर ते नॉर्मल येऊ शकतं. म्हणून काही तासांनी पुन्हा तपासायचं आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघायचं.

ते तास फार कठीण गेले. दुखत नव्हतं, पण झोपही लागत नव्हती. बोटाला चिमटा, दंडाला मधूनमधून आपोआप आवळणारा पट्टा, पलीकडच्या खाटेवर कुणाची तरी धाप. मध्ये पुन्हा इसीजी झाला, तोही ठीक होता. दुसरा ट्रोपोनिन मात्र वाढलेला निघाला. हार्ट अटॅकच होता. सगळे अटॅक इसीजीत दिसत नाहीत.

आज सकाळी मनगटातून अँजिओग्राफी झाली. एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती, तिथे लगेच स्टेंट टाकला. मी पूर्ण शुद्धीत होते.

दिवसभर एकच विचार येतोय. ती मुलगी खुर्ची ओढून बसली नसती, ‘नॉर्मल आहे, जा’ म्हणाली असती, तर मी आनंदाने घरी गेले असते. आणि बायकांच्या बाबतीत हे फार सहज होतं. छातीतल्या दाबासोबत जबडा, पाठ, मळमळ, दम लागणं असं काही असलं की ॲसिडिटी म्हणून मोकळे होतात, घरचेही आणि आपणही. मधुमेह असेल तर कधी कधी दुखतसुद्धा नाही. माझ्या बहिणीला मधुमेह आहे. तिला उद्या फोन करून हे सगळं सविस्तर सांगणार आहे.

सकाळी राउंडला विचारायचं: रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या किती महिने? मध्येच दात काढायची वेळ आली तर? (त्या आपल्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, असं ह्यांना सांगितलंय.) चालायला कधीपासून सुरुवात करू? जिभेखालची गोळी घेऊनही पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर थेट ॲम्ब्युलन्स बोलवायची ना? हे शेवटचं कागदावर लिहून घ्यायचं आणि फ्रिजवर लावायचं, ह्यांना दिसेल असं.