क्लोंडाइकच्या सोन्याचा प्रचारक : कागदपत्रांतून लेखापर्यंत

क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यातलं सोनं सापडलं कॅनडात, पण बाजार फुलला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा. त्यामागे इरॅस्टस ब्रेनर्ड नावाचा पत्रकार होता. त्याच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहायचं मी ठरवलं. पुण्यात वार्ताहर असताना प्रसिद्धिपत्रकांच्या बातम्या होताना पाहिल्या होत्या. सिअ‍ॅटलला राहायला आल्यावर हा माणूस मनातून जाईना.

त्याचे कागद इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. आधी नाव नोंदवायचं, सूची वाचून खोकी मागवायची, पिशवी आणि पेन बाहेर ठेवून पेन्सिलीनं टिपणं काढायची. सूची नीट वाचली की निम्मं काम होतं.

१७ जुलै १८९७ला ‘पोर्टलंड’ ही आगबोट सोनं घेऊन सिअ‍ॅटलच्या धक्क्याला लागली आणि बातमी देशभर पसरली. लगेच चेंबर ऑफ कॉमर्सनं प्रसिद्धीचं काम ब्रेनर्डवर सोपवलं. उत्तरेला जाणाऱ्यानं पीठ, डाळी, घोंगड्या, तंबू सिअ‍ॅटलमध्येच घ्यावेत, एवढंच त्याला साधायचं होतं. कॅनडाच्या पोलिसांनी वर्षभराची शिधासामग्री सक्तीची केल्यावर माणशी जवळपास टनभर सामान लागू लागलं. म्हणजे गिऱ्हाईक केवढं! सिअ‍ॅटलच्या ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’ या वर्तमानपत्राच्या क्लोंडाइक विशेषांकाच्या २,१२,००० प्रती निघाल्या, त्यांतल्या सत्तर हजारांवर देशभरच्या पोस्टमास्तरांना गेल्या.

पण मी अडकले ती पत्रांपाशी. सिअ‍ॅटलमध्ये राहणाऱ्यांनी आपापल्या मूळ गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहावं, असा त्याचा आग्रह असे. मजकूर तो पुरवी, सही रहिवाशाची. गावाकडचा वाचक जाहिरातीवर विश्वास ठेवणार नाही; शेजारच्या घरातून गेलेल्या मुलाच्या पत्रावर मात्र नक्की ठेवील, हे त्यानं अचूक ओळखलं होतं. वार्ताहर म्हणून मला हे भयंकर वाटतं. आणि त्याची कामातली पकड विलक्षण होती, हेही खरं.

मग जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात ‘सिअ‍ॅटलहून पत्र’ धाटणीचे मजकूर शोधत बसले. खरं पत्र कोणतं आणि पढवलेलं कोणतं, हे छापील कागदावरून कळत नाही. म्हणून लेखात एकाही पत्रावर बोट ठेवलं नाही. पद्धत सांगितली आणि तिच्याशेजारी परिणाम मांडले. अंदाजे एक लाख माणसं निघाली, सोन्याच्या भागातल्या डॉसन गावाला पोचली तीस-चाळीस हजार. चांगल्या ओढ्यांवर सोनं काढायचे हक्क आधीच नोंदले गेले होते. तिकडे जाणाऱ्या व्हाइट पास या खिंडीच्या वाटेवर तीनेक हजार घोडे मेले.

१८९८मध्ये ब्रेनर्ड स्वतःही उत्तरेला गेला. सोनं हाती लागलं नाही. पुढे तो ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’चाच संपादक झाला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या लेखातला पत्रांचा भाग कमी करायला सांगितला. मी नकार दिला, आणि तो आहे तसा छापून आला.