वर्ष पहिले, अंक 187

रात्री साडेनऊला वृत्तसंपादक डेस्कवर आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आजचा अंक शेवटचा.” मालकांचा निरोप होता, वाचकांसाठी निवेदन छापायचं नाही.

पहिल्या पानावरची तारखेची ओळ माझ्याकडे होती. रोज रात्री वार, तारीख आणि अंक क्रमांक बदलायचा. सुरुवातीला एकदा क्रमांक बदलायचा राहिला, तर सकाळीच एका आजोबांचा फोन आला: “मी पहिल्यापासून अंक जपून ठेवतोय. एकोणिसावा दोनदा कसा?” त्यानंतर ती ओळ मी मोठ्याने वाचूनच पान सोडायचो.

तिसऱ्या महिन्यात खप वाढल्याचं कळलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. वितरणातले एक ज्येष्ठ सहकारी तेवढे गप्प होते. दैनिकाच्या किमतीतून विक्रेत्याचं कमिशन वजा झालं की उरलेल्या पैशांत कागद-छपाईचा खर्चसुद्धा निघत नाही. तो भार जाहिरातींनी उचलायचा असतो. जाहिरातदार मात्र नवं दैनिक टिकतंय का, ते पाहत थांबतो. तोवर वाढलेली प्रत्येक प्रत तोटाच वाढवते. शिवाय न विकलेले अंक गठ्ठ्यांनी परत यायचे. बाराची आठ पानं झाली, मग पगार लांबले. मोठ्या वृत्तपत्रसमूहांनाही हे चुकलेलं नाही. ब्रिटनमध्ये 2016 साली अशाच एका समूहाचं ‘द न्यू डे’ हे दैनिक 29 फेब्रुवारीला निघालं आणि 6 मे रोजी बंद पडलं. 2 लाख प्रतींचं लक्ष्य होतं, खप 40 हजारांच्या आसपास घसरला होता.

पैशाचं गणित मला पटत होतं. निवेदन न छापणं अजिबात पटत नव्हतं. ज्याने सहा महिने रोज सकाळी आपला अंक उघडला, त्याला दोन ओळींत निरोप द्यायला नको?

पानं लावत गेलो. कादंबरीच्या प्रकरणाखाली ‘क्रमशः’ होतं. ते काढलं असतं तर गोष्ट संपल्यासारखी वाटली असती, आणि ती संपली नव्हती. राहू दिलं. आठव्या पानावर शब्दकोडं होतं, त्याखाली नेहमीची ओळ: ‘उत्तर उद्याच्या अंकात’. तिथे माझा हात थांबला. हे खोटं मला छापवेना. ती ओळ काढली, एक छोटी जाहिरात दोन सेंटीमीटर खाली सरकवली आणि त्या जागेत कोड्याची उत्तरं बारीक टायपात उलटी लावली. वरच्या चौकटीत कालच्या कोड्याची उत्तरं होतीच.

मग तारखेची ओळ. वर्ष पहिले, अंक 187. मोठ्याने वाचली. डेस्कवर कोणी काही बोललं नाही.

वृत्तसंपादकांनी आठव्या पानाची प्रिंट हातात घेतली. कोड्यापाशी थांबले. कागद उलटा धरून उत्तरं शेवटपर्यंत वाचली, कोपऱ्यात ‘ओके’ लिहिलं आणि पान छपाईच्या प्लेटला पाठवलं.