परसातला रेणू, फ्लास्कमधला रेणू

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी विषय ठरला : कढीपत्त्यातलं महानिंबीन नावाचं संयुग प्रयोगशाळेत तयार करणं. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगो, कढीपत्ता तर परसात आहे. हवा तेवढा घेऊन जा." गोव्यात डिचोलीला आमच्या घरामागे दोन झाडं आहेत आणि विहिरीच्या कडेला गवती चहाचं बेट. या दोन्ही गोष्टी माझ्या प्रबंधात येणार आहेत हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आईच्या बोलण्यामागचा प्रश्न मात्र खराच होता. पानात असलेली वस्तू मुद्दाम बाटलीत कशाला करायची? माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याचं उत्तर दिलं. पानातून थोडं मिळतं, ते ऋतूप्रमाणे बदलतं, आणि रेणूचा एखादा कोपरा बदलून पाहायचा तर झाड आपलं ऐकत नाही. शिवाय एखादा रेणू अमुक रचनेचा आहे असं म्हणणं वेगळं आणि ती रचना तुकड्या-तुकड्याने बांधून दाखवणं वेगळं. हे दुसरं कारण मला अधिक पटलं, आजही पटतं.

कार्बाझोल हे तीन वलयांचं नायट्रोजनयुक्त संयुग. ते आधी दगडी कोळशाच्या डांबरात सापडलं, १८७२ साली. वनस्पतीत त्याचा अल्कलॉइड, म्हणजे झाडाने बनवलेलं नायट्रोजनयुक्त संयुग, मिळाला तो जवळजवळ शतकानंतर, १९६५ मध्ये, चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांना, आणि तोही आपल्या कढीपत्त्यातच. त्याला मुर्रायानीन नाव दिलं, कारण झाडाचं शास्त्रीय नाव मुर्राया कोएनिगी. महानिंबीन त्याच घराण्यातलं : कार्बाझोलला जोडलेलं एक पायरान वलय (ज्यात एक ऑक्सिजन असतो) आणि त्यातून बाहेर आलेली शेपटी.

रस्ता चार टप्प्यांचा होता. पहिला अगदी सरळ गेला : ३-मेथॉक्सी-४-मेथिलॲनिलीन आणि ब्रोमोबेंझीन पॅलेडियमच्या मदतीने जोडायचे, म्हणजे बुखवाल्ड–हार्टविग रिॲक्शन. दोन ग्रॅममधून २.६ ग्रॅम माल निघाला. दुसऱ्या टप्प्यात त्याच पॅलेडियमने दोन हायड्रोजन काढून मधलं पाच अणूंचं वलय बंद करायचं. पिव्हॅलिक आम्लात, ११० अंशांवर, उघड्या हवेत. हवेतला प्राणवायूच पॅलेडियमला पुन्हा कामाला लावतो. इथे ६० टक्के उतारा पडला. टीएलसीची प्लेट, म्हणजे जिच्यावर मिश्रणातले घटक वेगवेगळे ठिपके होऊन दिसतात ती, अतिनील दिव्याखाली धरली तेव्हा कार्बाझोलचा निळा ठिपका असा काही चमकला की मी शेजारच्या टेबलावरच्या ताईला हाक मारून दाखवला. ताई पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. तिने असे ठिपके शेकड्यांनी पाहिले असणार, तरी तिने प्लेट हातात घेऊन नीट पाहिली. त्याचं मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या टप्प्यावर जुलै लागला.

मेथॉक्सीवरचा मेथिल काढून तिथे मोकळा हायड्रॉक्सिल आणायचा होता. त्यासाठी बोरॉन ट्रायब्रोमाइड लागतं. ही बाटली दमट हवेत उघडली की पांढरा धूर सोडते, कारण पाणी लागताच तिचं हायड्रोब्रोमिक आम्ल होतं. आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. भिंतींना ओल, वहीची पानं मऊ, सिलिका जेलचा डबा उघडा राहिला तर दुपारपर्यंत निकामी. मी काचसामान ओव्हनमध्ये तापवलं खरं, पण बाहेर काढून टेबलावर उघडंच निवू दिलं. निवता निवता त्याने हवेतलं पाणी आत ओढून घेतलं. रिॲक्शन लावली, तासाभराने टीएलसी मारली : सुरुवातीचा ठिपका जागच्या जागी. आणखी अभिकर्मक घातला, रात्रभर ठेवली. सकाळी थोडासा नवा ठिपका, बराचसा जुना आणि खाली तपकिरी रेघ. २०० मिग्रॅ कार्बाझोल त्या दिवशी गेलं. चूक माझीच होती, आणि ती कुठे झाली हे उमगायला मला तीन दिवस लागले. मी आधी बाटलीवर संशय घेतला, मग सॉल्व्हंटवर, सगळ्यात शेवटी स्वतःच्या हातावर.

दुसऱ्या वेळी ताईने शेजारी उभं राहून शिकवलं. फ्लास्क ओव्हनमधून गरमच काढायचा, लगेच रबरी बूच लावायचं, सुईने नायट्रोजन सोडायचा आणि त्या वाऱ्यातच निवू द्यायचा. डायक्लोरोमिथेन त्याच सकाळी ऊर्ध्वपातन केलेलं. बाहेरून गारवा द्रव नायट्रोजन आणि इथिल ॲसिटेटच्या लगद्याचा, उणे ८४ अंशांचा. अभिकर्मक थेंबाथेंबाने. "घाई नको गो," ती एवढंच म्हणत होती. शेवटी मेथॅनॉल घालून उरलेलं शमवायचं, तेही थंडीतच आणि वाफा ओढून घेणाऱ्या हूडमध्येच. संध्याकाळी ठिपका पूर्ण खाली उतरला होता. ३८० मिग्रॅमधून २८० मिग्रॅ हायड्रॉक्सीकार्बाझोल मिळालं, फिकट तपकिरी घन.

मग चवथ आली, म्हणजे गणेश चतुर्थी. आठ दिवस प्रयोगशाळा बंद. बाटलीवर नायट्रोजन सोडून, फॉइल गुंडाळून ती फ्रिजमध्ये ठेवली आणि घरी गेले. गणपतीवरची माटोळी बांधताना वर टांगायच्या फळांत, रानवेलींत मन लागत होतं, पण मधूनच ती बाटली आठवायची.

चौथा टप्पा मला सगळ्यात आवडलेला. हायड्रॉक्सीकार्बाझोल आणि सिट्राल पिरिडीनमध्ये तापवायचे, बस. सिट्राल म्हणजे गवती चहाचा वास : त्या तेलात तेच सर्वांत जास्त असतं. फीनॉलच्या, म्हणजे वलयावरच्या हायड्रॉक्सिलच्या, शेजारच्या कार्बनावर सिट्रालचं ॲल्डिहाइड बसतं, पाण्याचा एक रेणू निघून जातो, मध्ये क्षणभर क्विनोन मेथाइड नावाचं अस्थिर संयुग तयार होतं आणि तेच वळून पायरान वलय बंद करतं. फीनॉलला शेजारी कार्बन दोन असतात, पण एका बाजूला मेथिल आधीच बसलेला आहे. म्हणून वाट एकच उरते. रेणूभाराचं गणितही सुटसुटीत : हायड्रॉक्सीकार्बाझोलचे १९७ अधिक सिट्रालचे १५२, वजा पाण्याचे १८, झाले ३३१. हे मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं.

पहिल्या प्रयत्नात तेलाचं पात्र फार तापवलं आणि १०० मिग्रॅ मालाचं काळं डांबर झालं. त्यात सिट्रालची बाटली जुनी, अर्धवट हवा खाल्लेली. नवी बाटली मागवली, नायट्रोजनखाली तापमान बेताचं ठेवलं, दर दोन तासांनी प्लेट पाहिली. यावेळी मधोमध एक स्वच्छ नवा ठिपका आला.

कॉलमच्या वेळी, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून माल वेगळा करताना, मात्र ताईने पुन्हा अडवलं. सिलिका थोडी आम्लधर्मी असते, आणि आम्लात महानिंबीनची शेपटी वळून आतच जोडली जाते, म्हणजे दुसराच रेणू हाती येतो. म्हणून सिलिका ट्रायइथिलअमीन घातलेल्या पेट्रोलियम ईथरने आधी धुऊन घेतली. आधी उरलेलं सिट्राल उतरलं आणि सगळी खोली आमच्या विहिरीच्या कडेसारखी दरवळली. प्रयोगशाळेत काम करणारे काका दारातूनच म्हणाले, "आज चहा करतेस काय?" पंधराव्या नळीपासून माझा माल सुरू झाला. रोटावर सॉल्व्हंट उडवल्यावर १२५ मिग्रॅ. पन्नास टक्के.

एनएमआरचा, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या तपासणीचा, कागद आला तेव्हा मी आधी ५.६ आणि ६.६ च्या आसपास पाहिलं. तिथे दोन जोड-शिखरं होती, प्रत्येक जोडीतल्या दोन शिखरांमधलं अंतर सुमारे १० हर्ट्झ : पायरान वलयातले दोन शेजारी हायड्रोजन एकमेकांना ओळखत होते. मास स्पेक्ट्रममध्ये ३३२, म्हणजे ३३१ अधिक एक प्रोटॉन. कोपऱ्यातलं गणित बरोबर होतं.

पाऊस सरल्यावर आईने परसातला पाला सावलीत वाळवून दिला. ४०० ग्रॅम भुकटीतून, तीन कॉलम टाकून, ११० मिग्रॅ महानिंबीन हाती लागलं. हे काम माझ्या रिॲक्शनपेक्षा किचकट निघालं. हिरवा रंग आणि मेण शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. दोन्ही नमुने एका प्लेटवर शेजारी-शेजारी ठेवले, मग एकमेकांवर : एकच ठिपका. एनएमआरचे दोन कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले : रेघेला रेघ.

मग मॅडम म्हणाल्या, "आता पोलारिमीटर."

पानातल्या नमुन्याने ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल उजवीकडे फिरवलं. माझ्या नमुन्याने शून्य दाखवलं. मी नळी धुतली, पुन्हा भरली, पुन्हा शून्य. रेणूत एक कार्बन असा आहे की त्याला चार वेगळे गट जोडलेले आहेत, म्हणून त्याच्या डाव्या-उजव्या हातासारख्या दोन जाती होतात. झाड सिट्राल वापरत नाही. ते त्या शेपटीसाठी जेरानिल पायरोफॉस्फेट घेतं आणि वलय बंद करायचं काम विकरांवर सोपवतं, आणि विकराची खाचच एका हाताची असते. माझ्या पिरिडीनला अशी खाच नाही. वलय वरून बंद झालं काय आणि खालून झालं काय, त्याला सारखंच. म्हणून दोन्ही जाती निम्म्या-निम्म्या, आणि एकीचं फिरणं दुसरी पुसून टाकते.

हे पुस्तकात मी कॉलेजात गेल्यापासून वाचत आले होते, परीक्षेत लिहूनही झालं होतं. पण दोन पांढुरक्या कुप्या हातात धरून, एकीला आमच्या परसाचा हात आहे आणि दुसरीला नाही, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिले. कढीपत्त्याने साखर उतरते का, कर्करोग बरा होतो का, असं नातेवाईक मला विचारतात. मी सांगते की पेशींवरचे प्रयोग म्हणजे औषध नव्हे. आणि आता हेही सांगते की कुठल्या हाताचा रेणू तपासला ते आधी विचारा, कारण शरीरातले ग्राही रेणूही एका हाताचेच असतात.

एका हाताचंच महानिंबीन बांधायचं तर वेगळा उत्प्रेरक लागेल. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, ते पुढच्या मुलीचं काम, तू आहे ते नीट लिही. त्या रात्री प्रबंधाचं पहिलं पान उघडलं आणि शीर्षकात महानिंबीनच्या आधी कंसात, दोन्ही जाती निम्म्या-निम्म्या असल्याची खूण म्हणून, अधिक-उणे चिन्ह घातलं.