तुम्ही विचारलंत म्हणून

"अहो, एडीईएम तर लहान मुलांना होतो ना? मोठ्यांमध्ये किती जणांना होतो?" रामबागेत, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. एडीईएम म्हणजे प्रतिकारशक्ती अचानक स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते, तो आजार. आज लिहूनच टाकते.

मुलांमध्ये वर्षाला लाखात 1 पेक्षाही कमी, मोठ्यांमध्ये त्याहूनही कमी. पूर्वी मी एवढं सांगून थांबायचे. पण हे ऐकून समोरच्याचा जीव भांड्यात पडतो, आणि तेच मला आता सहन होत नाही.

मला तो झाला तेव्हा ताप उतरून काही दिवस झाले होते. दुपारपासून लघवी होईना. पोट दगडासारखं टणक, नळ सोडून बसले तरी थेंब नाही. जाऊबाई म्हणाल्या, पाणी कमी पडलं असेल. रात्री जिना उतरताना पायातली चप्पल कधी निसटली ते कळलंच नाही. ज्या दवाखान्यात नेलं तिथे नळी घालून लघवी काढली आणि डॉक्टर माझ्यादेखत ह्यांना म्हणाले, "मैडम को टेन्शन है, नींद की गोली दे देता हूँ।" मी बोलायला गेले तर जीभ जड, शब्द अर्धवट. तेही टेन्शनमध्येच धरलं गेलं. सकाळी मी ह्यांनाच 'आई' अशी हाक मारली, तेव्हा कुठे दुसरीकडे हलवलं. एमआरआयमध्ये मेंदूत दोन्ही बाजूंना आणि मज्जारज्जूतही पांढरे डाग. मग स्टेरॉइडची सलाइन. ती चालू असताना तोंडाला लोखंडाची चव यायची.

त्या डॉक्टरांनी असा मोठा पेशंट कधी पाहिला नसेल, हे मला मान्य आहे. पण पाय आणि लघवी एकदम गेल्यावर वय कशाला बघायचं?

आणि मोठ्यांना होत नाही, हे आपल्याच देशात कसं म्हणवतं? कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं आठवा. ती सेंपल लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, आणि काही जणांची प्रतिकारशक्ती त्यामुळे स्वतःच्याच मेंदूवर उलटायची. असाच आजार, धडधाकट मोठ्या माणसांनाही. 2004 च्या अखेरीस आपल्याकडे ती बनवणं थांबलं. आताच्या लशीत मेंदूचा अंश नसतो. कुत्रा चावला तर ती घ्यायचीच.

शिवाय मोजणार कसं? निदानाचे निकष 2007 मध्ये मुलांसाठी ठरले, 2013 मध्ये सुधारले. मोठ्यांसाठी वेगळे सर्वमान्य निकष नाहीत. कुणी एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचाच पण पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा आजार) जमा होतो, कुणी पक्षाघातात, कुणी माझ्यासारखी टेन्शनमध्ये.

माझंही पक्कं काही नाही. मोठ्यांमध्ये काहींचं निदान पुढे बदलून एमएस निघतं, त्यामुळे डॉक्टर छातीठोकपणे काही सांगत नाहीत. मी चालते, स्वयंपाक करते. लघवीची घाई मात्र अजून गेलेली नाही, कुठेही गेले की आधी बाथरूम बघून ठेवते. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. तोवर कागदावर एडीईएमच.