नूएन, नूए आणि इंगेन: ऑस्लोत नॉर्वेजियन शिकताना

नॉर्वेजियन शिकताना तीन लिंगांचा मला त्रास झाला नाही. मराठीत आपण तो, ती, ते जन्मापासून सांभाळतोच. खरा घोळ 'कोणी', 'काही' आणि 'कोणीच नाही' या फुटकळ वाटणाऱ्या शब्दांचा.

माणूस किंवा मोजता येणाऱ्या अनेक वस्तू असतील तर 'नूएन'. न मोजता येणारं काही किंवा नुसतं 'काहीतरी' म्हणायचं तर 'नूए'. म्हणजे काही सफरचंदं 'नूएन एप्लर', पण थोडं दूध 'नूए मेल्क'. पैसे इथे अनेकवचनी, म्हणून 'नूएन पेंगर'. आपल्याकडेही पैसे 'असतात'च, त्यामुळे हे मला लगेच बसलं. इंग्रजीतून विचार करणारे वर्गमित्र मात्र इथे अडखळायचे. घरी मी नवऱ्याला मुद्दाम विचारायचे, 'अॅर दे नूए मेल्क इयेन?' दूध उरलंय का? तो बिचारा फ्रिज उघडून बघायचा.

'इंगेन'ला जास्त वेळ गेला. 'इंगेन कॉम' म्हणजे कोणीच आलं नाही. नकार 'इंगेन'मध्येच आहे, आपल्यासारखा वर आणखी 'नाही' लावायचा नाही. 'इक्के', म्हणजे 'नाही', जोडलं की अर्थच उलटतो. 'मी कोणाला पाहिलं नाही' हे साध्या भूतकाळात 'यै सो इंगेन'. पण तेच 'हार' (इंग्रजीतल्या 'have'सारखं, 'पाहिलेलं आहे'मधलं 'आहे') लावून सांगायचं झालं की 'इंगेन' चालत नाही, 'यै हार इक्के सेट नूएन' असं फोडावं लागतं. 'फोर्दी', म्हणजे 'कारण', आलं की साध्या भूतकाळातही तेच: 'फोर्दी यै इक्के सो नूएन'. शिक्षिकाबाईंनी हा नियम फळ्यावर मांडला तेव्हा वर्ग हिरमुसला, मी खूश झाले. 'कोणाला' एकीकडे, 'नाही' दुसरीकडे, ही तर आपलीच रचना! मग एकच सराव धरला: साध्या भूतकाळातलं वाक्य घ्यायचं आणि ते 'हार' लावून उलटवायचं. मेट्रोत, भांडी घासताना, कुठेही. नोर्स्कप्रोव्हेन या नॉर्वेजियन भाषेच्या परीक्षेच्या लेखी भागात हे हमखास कामी येतं, कारण तिथे 'कारण' लिहिल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही.

'मान' हा शब्द सोपा आहे, 'माणसानं असं करू नये'मधला माणूस. फक्त तो कर्ता म्हणूनच येतो, कर्म असेल तर 'एन'.

एवढं जमल्यावर एनआरके या नॉर्वेच्या सरकारी वाहिनीच्या बातम्या लावल्या, तर निवेदिका नीनोर्स्कमध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या दुसऱ्या प्रमाण रूपात, बोलत होती: नूएनचं 'नोकॉन', नूएचं 'नोको'. ते मला ऐकून समजतं. बोलायला सध्या जात नाही.